गादीची एक कड

"चाचा, ही तुमची गादी. आठ महिन्यांत बसली."

मन्मथअप्पांनी टेम्पोतून गादी ओढली आणि माझ्या दुकानापुढं टाकली. धूळ उडाली. समोरच्या पानवाल्यानं मान वर केली. मला तेच नको होतं.

"माझी गादी बसत न्हाई, अप्पा."

"मग ही काय उभी हाय का?"

पानवाला हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पानाला चुना लावायला लागला.

मी उदगीरला गाद्या भरतो. पन्नासच्या वर वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. पण लातूरपासून देगलूरपर्यंत उस्मानचाचाच्या गादीवर झोपलेली माणसं आहेत, आणि त्यातल्या एकानंही आजवर गादी परत आणून दुकानापुढं टाकली नव्हती. मन्मथअप्पा पहिले. जळकोटला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, जुनं गिऱ्हाईक. थोरल्या मुलासाठी, शिवराजसाठी, त्यांनी माझ्याकडून जोडगादी करून घेतली होती. त्या जोडीतली ही एक.

न जाणणाऱ्यासाठी सांगतो. अंगाखाली दाबून दाबून कापसाच्या गाठी होतात. गाठी झाल्या की गादी बसली असं म्हणतात. मग खोळ उसवायची, कापूस बाहेर काढायचा, गाठी सोडवून तो पुन्हा मोकळा करायचा. याला पिंजणं म्हणतात. आता त्याला मशीन आहे. मोटर चालू केली की तासाभरात काम होतं. पूर्वी कमान होती. लाकडाची माणसाएवढी लांब कमान, तिला ताणून बांधलेली तात, म्हणजे आतड्याची चिवट दोरी. तातीवर लाकडी मुठीनं ठोका दिला की तात थरथरते, तिला लागलेला कापूस सुटतो आणि उडतो. उन्हात तो उडायला लागला की जवळची वस्तू लांब दिसते, बोलणारा माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. मी आयुष्यातले निम्मे दिवस अशा पांढऱ्या हवेत काढले. कधी कधी मला कळत नाही की एखादी गोष्ट खरंच घडली का कापसात दिसली.

ही मात्र घडली.

मी गादी उन्हात आडवी केली, डोळे मिटले आणि हात फिरवला. पुस्तक मला नीट वाचता येत नाही, गादी येते. उताणा झोपणाऱ्याच्या गादीला खांद्याखाली आणि कमरेखाली दोन खळगे पडतात. कुशीवर झोपणाऱ्याचा एकच, पण खोल. आजारी माणसाची गादी सगळीकडून सारखी दबते. या गादीचा मधला भाग मी भरला तसाच होता. वर आलेला, मऊ, जणू कुणी अंगच टाकलं नव्हतं. डोक्याकडं काही नाही, पायाकडं काही नाही. खळगा होता तो लांब बाजूच्या कडेला, बरोबर मध्यावर. दीड वीत रुंद. तिथं कापसाचं पार ढेकूळ झालं होतं.

मी डोळे उघडले.

"अप्पा, माझा कापूस खराब न्हाई. हिच्यावर कुणी झोपतच न्हाई. कुणीतरी कडेला बसतंय. रोज बसतंय, लई येळ."

"मग? शिवराज बसत असंल मोबाईल बघत. तुमच्या गादीवर बसायची बंदी हाय का?"

"बंदी न्हाई. पण दोष माझा न्हाई, एवढं म्हणा."

"म्हणतो बाबा. दोष माझ्या पोराच्या बुडाचा. झालं?"

पानवाल्यानंही ऐकलं. मी जिंकलो होतो. त्या खुशीत मी जे केलं त्याची आजही लाज वाटते.

मी गादी खोलली आणि कडेला जास्तीचा कापूस ठासून भरला. वरून दाभणानं दुहेरी टाका घातला. कड अशी टणक केली की घोड्यानं बैठक मारली तरी दबू नये. चार दिवसांनी गादी जळकोटला पोचती केली आणि अप्पांना म्हणालो, "आता बसू द्या किती बसतो ते." एका माणसाला झोप येत नव्हती, तो रात्रभर पलंगाच्या कडेला बसून राहत होता, आणि मी त्याला बसायला चांगली जागा करून दिली. पन्नास वर्षांच्या कारागिरानं हे केलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी देगलूरला गेलो. माझी मोठी बहीण शरीफाबी तिथं राहते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुपारची वेळ होती. अंगणात लिंबाच्या सावलीत ती बाजेवर पडली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी. आम्ही घरात दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो. तिला करमावं म्हणून मी गादीची गोष्ट सांगितली. अप्पा कसे आले, पानवाला कसा हसला, मी हात फिरवून कसं ओळखलं. थोडं मीठमिरची लावूनच सांगितलं.

ती हसली नाही. बराच वेळ लिंबाची पानं हलताना बघत राहिली, एका डोळ्यानं.

मग म्हणाली, "वलीभाई पण असाच बसायचा."

वलीभाई आमचा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. कमान चालवायला मला त्यानं शिकवलं. मी पंधरा वर्षांचा असताना तो गेला. तापानं गेला, असं अब्बांनी सगळ्यांना सांगितलं. ताप नव्हता. तो स्वतःहून गेला होता. मला माहीत होतं, कारण अब्बा आणि अम्मीचं बोलणं मी दाराआडून ऐकलं होतं. अब्बांना भीती होती की खरं कळलं तर जनाज्याला कुणी येणार नाही, बहिणीला कुणी करून घेणार नाही. मी कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. शरीफाबीला तर नाहीच. ती लहान मनाची, तिला सोसणार नाही असं मला वाटायचं.

"तुला माहीत हाय?" मी विचारलं.

"मला तवाच माहीत होतं. तुला सोसणार न्हाई म्हणून बोलले न्हाई."

पंचावन्न वर्षं. दर ईदला आम्ही एका ताटात जेवलो आणि दोघंही एकमेकांना सांभाळत राहिलो.

"बाजेच्या कडेला बसायचा," ती म्हणाली. "मी पाणी प्यायला उठले की दिसायचा. एकदा वाटलं, विचारावं, भाई, काय होऊन राहिलं तुला. पण आपल्यात कोण असं विचारतं? मी पाणी पिऊन झोपले."

तिनं पट्टीवरून हात फिरवला. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणून ती रडत नव्हती, असं मी धरून चाललो.

"तू त्या पोराला विचारलंस का?"

"मी गादी दुरुस्त केली."

"गादीचं न्हाई विचारून राहिले मी."

दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी धरली. दुकान बंद, ऑर्डरी पडलेल्या, तरी घरी जाऊन आधी माळ्यावरची जुनी कमान काढली. मग जळकोटच्या गाडीत बसलो. कमान खिडकीतून अर्धी बाहेर. कंडक्टर म्हणाला, "चाचा, हिचं हाफ तिकीट काढू का?" बाहेर कापसाची रानं मागं पळत होती, बोंडं फुटलेली. माझा डोळा लागला. मला दिसलं की सगळं रान कुणीतरी पिंजतंय. पांढरं वर उडतंय आणि खाली यायचं नावच घेत नाही, आणि त्या पांढऱ्यात वलीभाई पाठमोरा उभा आहे. मी हाका मारतो, पण कमानीच्या आवाजात त्याला ऐकू जात नाही. जळकोटच्या स्टँडवर कंडक्टरनं मला हलवून उठवलं.

सांगायची पंचाईत पुढं होती. अप्पांच्या दुकानात काय म्हणून जायचं? तुमच्या मुलाच्या जिवाची मला काळजी वाटते, असं म्हटलं असतं तर अप्पांनी मला पितळी परातीनं हाणलं असतं. मला एकच निमित्त सुचलं आणि ते माझ्या तोंडून निघायला फार जड गेलं.

"अप्पा, माझं काम चुकलं."

अप्पा कळशी पुसत होते. ते थांबले. "काय म्हणालात?"

"गादी चुकली. कड जास्त भरली. परत खोलावी लागते."

"पुन्हा म्हणा चाचा. रेणुका, ए पोरी, बाहेर ये, ऐक. उस्मानचाचाचं काम चुकलं म्हणून राहिले!"

रेणुका म्हणजे शिवराजची बायको. दुकानामागंच घर. ती दारात आली. ती हसली, पण डोळ्याखाली काळं होतं. मी ते बघितलं. शिवराज गल्ल्याजवळ बसला होता. छत्तीस वर्षांचा दांडगा माणूस, दोन लेकरांचा बाप. तो हसलाही नाही आणि रागावलाही नाही. कुणीतरी लांबच्या गावची बातमी सांगावी तसं त्यानं ऐकलं.

"आजच करतो," मी म्हणालो. "इथंच गच्चीवर. पण शिवराजला समोर बसावं लागंल."

हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. पिंजारी घरी आला की ज्याची गादी त्यानं समोर बसायचं. पिंजारी चांगला कापूस लंपास करून रद्दी भरतो असा लोकांना संशय, म्हणून राखण. मला हा रिवाज कधीच आवडला नाही. माझ्यावर कुणी राखण बसलं की मी काम टाकून उठायचो. त्या दिवशी मी स्वतःहून राखण मागितली.

"मशीन न्हाई आणलं?" अप्पांनी विचारलं.

"मशीनचा आवाज होतो."

सकाळचे अकरा वाजले असतील. गच्चीवर थंडीतलं मऊ ऊन होतं. मी चादर अंथरली, खोळ उसवली, कापूस काढला. शिवराज पाण्याच्या टाकीला टेकून बसला. मी कमान उचलली. पंधरा वर्षांनी. पहिल्या ठोक्यालाच खांद्यातून कळ आली, पण तात बोलली. टुंग. थोडा कापूस उडाला. टुंग टुंग. हळूहळू आमच्या दोघांच्या मधे पांढरं धुकं झालं. खाली बाजारात कुणीतरी भांडं आपटलं, तो आवाज कापसातून गाळून वर आला. गाव कुठंतरी खाली राहिलं आणि गच्ची तेवढी वर तरंगत होती.

मी काम थांबवलं नाही. हात चालू असला की मला बोलता येतं.

"शिवराज, झोप येत न्हाई का?"

"येते की."

"खोटं. मी तुझी गादी बघितलीय."

मी दोन ठोके दिले.

मला भीती वाटत होती. नसलेलं त्याच्या डोक्यात घातलं तर? ती भीती अब्बांची होती, माझ्यात उतरलेली. पण विचारलं नाही तर काय होतं ते मला ठाऊक होतं. मी आडवळणानं जाणार होतो. मग वाटलं, आडवळणानं गेलेल्याला आडवळणानंच जवाब मिळतो.

"मरून जावं असं मनात येतं का तुझ्या?"

तातीचा आवाज विरला. कापसाचा एक तंतू त्याच्या भुवईवर बसला. त्यानं तो काढला नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. तू सांग."

"येतं," तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की मी कमान खाली ठेवली.

"कवापासून?"

"पाऊसकाळापासून. रोज. लेकरांना शाळेत सोडून येतो तवा पण. अन् चाचा, काहीच झालेलं न्हाई. धंदा बरा हाय. बायको चांगली हाय. कुणी मला कायबी बोललं न्हाई. कारणच न्हाई तर सांगू काय? लोक म्हणतील, खायला जास्त झालं. दुकानात दिवसभर भांडी वाजतात, मला ऐकू येतात, पण ती माझ्यापर्यंत येत न्हाईत. जेवतो, चव न्हाई. रात्री आडवा झालो की भ्या वाटतं, म्हणून उठून बसतो. उजाडंपर्यंत."

"आज काही करायचं ठरवलंस का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं.

"आज न्हाई."

"उद्या?"

"उद्याचं मला कळत न्हाई, चाचा." एवढा दांडगा माणूस गुडघ्यात तोंड घालून रडला. मी त्याला रड म्हणालो नाही, रडू नको असंही म्हणालो नाही. जवळ जाऊन बसलो.

मग मी त्याला वलीभाईचं सांगितलं. सगळं. तापाचं खोटंही. हे मी एका दिवसाआधी बहिणीशी बोललो होतो आणि आता परक्या घराच्या गच्चीवर बोलत होतो. तोंड उघडायला पंचावन्न वर्षं लागली. बोलून व्हायला तेवढा वेळ लागला नाही.

"तुमच्या भावाला कुणी काही म्हणालं होतं का?" त्यानं विचारलं.

"कुणी काही विचारलंच न्हाई. मी पण न्हाई."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "चाचा, हे आपल्यातच ठेवा. अप्पाला कळू देऊ नका."

"जमायचं न्हाई."

"चाचा..."

"माझ्या पोटात एक गोष्ट हाय पंचावन्न वर्षांपासून. दुसरीला जागा न्हाई. तू सांग, मी शेजारी बसतो. पण सांगायचं. रेणुकाला आधी."

त्यानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाही. मी जिन्यातून हाक मारली. रेणुका चहा घेऊनच येत होती. शिवराजनं तिला सांगितलं, तुटक तुटक, कापसाकडं बघत. तिनं कपबशा खाली ठेवल्या.

"मी जागीच असते," ती म्हणाली. "रोज. डोळे मिटून पडते. तुम्ही बसलेले दिसता. वाटायचं, विचारलं तर तुम्ही खरंच तसं म्हणाल. मग मी काय करू?"

"आता म्हणालो."

"हाव. म्हणालात." आणि तिनं त्याचा हात असा धरला की बांगडी पिचकली.

अप्पांना सांगणं राहिलं होतं. ते वर यायला तयार नव्हते. रेणुकानं खाली जाऊन काय सांगितलं कोण जाणे, दुकानातून अप्पांचा आवाज आला. "माझ्या पोराला पागल ठरवून राहिले का? धाकट्या पोरीची सोयरीक चालू हाय रेणापूरला! त्या म्हाताऱ्याला म्हणा, गादी शिव आणि चालता हो!"

म्हातारा म्हणाले मला. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडलो, "अप्पा, कापूस पसरलेला हाय! तुम्ही वर आल्याबिगर मी एक टाका घालणार न्हाई!"

"मग राहा तिथंच!"

"राहतो!"

आणि मी खरंच बसलो. दुपार कलली. वारा सुटला. पिंजलेला कापूस हलका असतो, त्याला उडायला निमित्त लागत नाही. तो गच्चीच्या कठड्यावरून निघाला. शेजारच्या अंगणात उतरला, वाळत घातलेल्या साड्यांवर बसला, भांड्यांच्या दुकानाच्या पाटीवर, रस्त्यावरच्या म्हशीच्या पाठीवर. भर दुपारी सगळी गल्ली झोपेत असल्यासारखी पांढरी आणि संथ झाली. शेजारीण वरून ओरडली, "अप्पा, तुमच्या घरातून काय उडून राहिलं?" दुकानात आलेलं गिऱ्हाईक दारात जाऊन वर बघायला लागलं.

अप्पा वर आले. मला शिव्या द्यायलाच आले होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांना शिवराज दिसला. त्याच्या डोक्यावर, खांद्यावर कापूस साचला होता. डोळे लाल.

"अप्पा," शिवराज म्हणाला, "मला मरावंसं वाटून राहिलंय. लई दिवस झाले. मला मरायचं न्हाई, पण तसं वाटतं."

अप्पांच्या शिव्या जिथं होत्या तिथंच राहिल्या. ते कठड्याला धरून खाली बसले, माझ्या कापसातच.

"किती दिवस?"

"पाऊसकाळापासून."

"अन् मी तुला म्हणून राहिलो, दुकानात लक्ष न्हाई तुझं." मग ते माझ्याकडं वळले. "आता काय करायचं, चाचा?"

मला गादीपलीकडं काही येत नाही, तेच मी सांगितलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची ओपीडी आहे, हे माझ्या नातीनं कधी तरी बोलून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरलं. तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही हे मी हट्टानं सांगितलं. अप्पा म्हणाले, "मी जातो त्याच्या खोलीत झोपायला." रेणुका म्हणाली, "मग मी कुठं जाऊ?" आणि आम्ही चौघंही हसलो. शिवराज सर्वांत शेवटी हसला, पण हसला.

लातूरला मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टर म्हणजे पोरसवदा बाई होती. तिनं शिवराजला तेच विचारलं जे मी विचारलं होतं, तसंच सरळ. अप्पा खुर्चीत चुळबुळले. "मॅडम, असं तोंडावर विचारू नका ना. त्याच्या मनात भरंल."

"विचारलं म्हणून कुणाच्या मनात शिरत नाही, काका," ती म्हणाली. "मनात असलेलं सांगायला वाट मिळते. घरातही विचारत जा. आजाराचं विचारतो तसं. ताप आहे का, खोकला आहे का, तसं."

मी अप्पांकडं बघितलं नाही. बघायचं फार मनात होतं.

औषध सुरू झालं. दर पंधरवड्याला बोलायला जायचं. महिनाभर काही फरक दिसला नाही आणि अप्पा मला फोन करून विचारायचे, जणू औषध मीच पिंजून दिलं होतं. मग झोप आली. आधी दोन तास, मग चार. चव आली. पुढं उन्हाळ्यात एकदा त्याचं मन पुन्हा खाली गेलं. पण त्या वेळी तो कडेला बसला नाही, रेणुकाला उठवलं आणि सांगितलं, "आज पुन्हा तसं वाटून राहिलंय." दोघं बोलत बसले, उजाडल्यावर लातूरची पहिली गाडी धरली. आजार गेला असं डॉक्टरबाई म्हणत नाहीत. शिवराजही म्हणत नाही. आटोक्यात आहे म्हणतो.

सोयरिकीचं काय झालं तेही सांगायला पाहिजे. रेणापूरचे पाहुणे आले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, थोरले कुठं दिसत नाहीत. अप्पांनी ठरवलेलं उत्तर होतं, दुकानाच्या खरेदीला गेलाय. ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "लातूरला दवाखान्यात गेलाय. त्याच्या मनात मरायचं येत होतं. आता औषध चालू हाय, सुधारून राहिला." पाहुणे पोहे संपवून गेले आणि आठ दिवसांनी नकार कळवला. अप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. अप्पांची धाकटी मुलगी मात्र म्हणाली, "लग्नानंतर कळलं असतं तर मला रोज झाकपाक करावी लागली असती. बरं झालं." तिचं पुढच्या साली दुसरीकडं जमलं. त्यांनाही अप्पांनी आधीच सांगितलं होतं. त्या घरातल्या सासूनं एवढंच विचारलं की डॉक्टर कोणता, कारण तिच्या भावाला दाखवायचं होतं.

असं अधूनमधून होतं आता. भांडी घ्यायला आलेलं माणूस अप्पांच्या दुकानात उगाच रेंगाळतं, पातेलं उचलतं, ठेवतं. अप्पा शिवराजला आवाज देतात. शिवराज स्टूल पुढं करतो आणि विचारतो. दोघं तिघं त्याच्याबरोबर लातूरला जाऊन आले. एकजण आलाच नाही पुन्हा. त्याचं काय झालं, आम्हाला माहीत नाही. शिवराज त्याच्या गावी जाऊन त्याला शोधून आला, सापडला नाही. अजून विचारत असतो.

मीही विचारतो. खळगा कडेला दिसला की विचारतो, कुणाची गादी, झोप कशी आहे. लोक चिडतात. उदगीरचा एक साहेब म्हणाला, "तुम्ही गादी भरा, डॉक्टरकी करू नका," आणि ऑर्डर दुसऱ्याकडं घेऊन गेला. गेला तर गेला. या धंद्यात मी एवढं शिकलो की कापसाची गाठ दाबून मोडत नाही, आणि एवढं शिकायला मला सत्तर वर्षं लागली.

परवा शिवराजचा फोन आला. चार उशांची ऑर्डर दिली होती, मी उशीर केला होता. तो त्यांच्या दुकानातून, गिऱ्हाइकांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असा फोनवर माझ्यावर ओरडला. माझं काम चुकलं म्हणालो त्या दिवशी तो रागावलाही नव्हता. मी ऐकून घेतलं. सहसा मी कुणाचं ऐकून घेत नाही.